वेशीबाहेरून दिसणारी नगरी

गेल्या पावसाळ्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा कादंबरीचे हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला. "काका, भाषा तेवढी तपासून द्या," म्हणाला. कादंबरी अद्भुताची. इंग्रजीतल्या फॅन्टसी कादंबऱ्यांत एल्फ नावाची दीर्घायुषी, देखणी, मानवाहून वेगळी जमात असते. या मुलाने त्यांना यक्ष म्हटले होते, आणि ते मला आवडले. दुसऱ्या प्रकरणात या यक्षांच्या तटबंद राजधानीचे वर्णन होते. पांढऱ्या दगडाचा तट, चांदीचे दरवाजे, सात मजली मनोरे, स्फटिकाचे दिवे, चौकाचौकांत कारंजी. नगरीत कोणी म्हातारे नाही, कोणी दरिद्री नाही. अशी अकरा पाने. शुद्धलेखनाच्या चुका थोड्याच निघाल्या. पण अकरा पाने वाचूनही ती नगरी काही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली नाही. ती का राहिली नाही, याचा शोध घेता घेता मी जुन्या नगरवर्णनांकडे वळलो. त्या वाचनातून हाती लागले ते येथे मांडतो.

आधी माझी बैठक सांगितली पाहिजे. मी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नाही. बारावीनंतर शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून लागलो आणि तेथेच अठ्ठावीस वर्षे काढली. संस्कृत जे थोडेफार येते ते दुपारच्या रिकाम्या वेळात, भाषांतरे शेजारी ठेवून शिकलेले. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारपेठ. पेठेत बरकत आहे की नाही हे आम्ही दुकानांच्या पाट्या पाहून ठरवत नसू. किती गाड्या आल्या, कुठल्या गावच्या आल्या, रवे किती उतरले आणि सौदा होईपर्यंत कोण बाहेर थांबले, हे पाहून ठरवत असू. नगरवर्णने वाचतानाही मला तीच सवय नडली, किंवा उपयोगी पडली म्हणा.

नगरवर्णन हा आपल्याकडे फार जुना प्रकार आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्यात कशाकशाची वर्णने असावीत याची यादी दिली आहे, तिचा आरंभच नगराने होतो. या परंपरेच्या मुळाशी वाल्मीकींची अयोध्या आहे. बालकांडाच्या पाचव्या सर्गात ती बारा योजने लांब आणि तीन योजने रुंद सांगितली आहे. खोल खंदक आहे, तटावर शेकडो शतघ्नी आहेत, राजमार्गावर रोज पाणी शिंपडून फुले पसरलेली आहेत. येथवर माझ्या त्या तरुण मित्राची नगरी आणि अयोध्या सारख्याच. पण वाल्मीकी एवढ्यावर थांबत नाहीत. आत नीट मांडलेली दुकाने आहेत, देशोदेशीचे व्यापारी आहेत, करभार घेऊन आलेले मांडलिक आहेत. हत्ती-घोड्यांबरोबर गाई, उंट आणि चक्क गाढवेही आहेत. साळीचा तांदूळ भरपूर आहे आणि पाणी उसाच्या रसासारखे गोड आहे. गुळाच्या पेठेत उमेद घालवलेल्या माणसाला ही शेवटची उपमा वाचून काय वाटले असेल, ते कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको.

या वर्णनात अतिशयोक्ती आहेच. पण गाढव आले की ओझे आले, ओझे आले की ते कुठून तरी आले असणार. वेशीतून आत काय येते हे कवीने सांगितल्यामुळे सोन्याच्या गोष्टींवरही विश्वास बसतो. कौटिल्याला हे व्यवहारात ठाऊक होते. 'अर्थशास्त्रा'त त्याने जकातीची शाळा आणि तिचा ध्वज नगराच्या महाद्वारापाशी ठेवायला सांगितले आहे. संपत्ती मोजायची तर ती दारात मोजावी, हा त्यातला हिशेब.

आता कोणी म्हणेल, अद्भुतात हिशेब कशाला? यक्षांच्या नगरीत तांदूळ कुठून आला हे विचारणे म्हणजे रसभंग. हा आक्षेप मी मानतो. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या आपल्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वास्तवाच्या फुटपट्टीने मारण्याचे काम मराठी समीक्षेने पुष्कळ केले आहे. त्यात मला भर घालायची नाही. शिवाय माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारा सर्वांत मोठा पुरावा यक्षांच्याच नगरीचा आहे, म्हणजे 'मेघदूता'तल्या अलकेचा.

अलकेत आवक नाही. तेथल्या स्त्रियांना वस्त्रे, फुले, अळिता, सारे काही एकटा कल्पवृक्ष पुरवतो. सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी फुलतात. गच्च्या स्फटिकाच्या आहेत आणि त्यांत तारकांची प्रतिबिंबे पडतात. गाढव नाही, ओझे नाही, शिधा नाही. माझ्या दिवाणजीच्या हिशेबाने ही नगरी खोटी पडायला हवी. पण ती पडत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या मराठी कवी तिच्याकडे परत परत गेले.

याचे कारण माझ्या मते असे की अलकेचे वर्णन तिच्या बाहेर टाकलेला माणूस करतो आहे. कामात कसूर झाली म्हणून कुबेराने वर्षभरासाठी हाकललेला यक्ष रामगिरीवर, म्हणजे महामहोपाध्याय मिराशी यांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, बसून मेघाला पत्ता सांगतो आहे. पत्ता सांगणाऱ्याला शोभा सांगत बसायला फुरसत नसते. खुणा सांगाव्या लागतात. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला घर, इंद्रधनुष्यासारखे तोरण, बायकोने लेकरासारखा वाढवलेला लहानसा मंदार, त्याचे फुलांचे झुबके हाताला लागतील एवढे वाकलेले, दारावर शंख आणि पद्म काढलेले. आणि मग तो म्हणतो की मी नसल्यामुळे ते घर आता नक्कीच निस्तेज झाले असेल. काहीच न कोमेजणाऱ्या नगरीत कोमेजलेले तेवढे एक घर. त्या एका घरामुळे बाकीची अलका खरी वाटते.

तेव्हा माझे म्हणणे मला दुरुस्त करावे लागले. नगरी दिसायला वेशीतून आत काय येते हे कळावे, किंवा वेशीबाहेर कोण उभे आहे हे तरी कळावे. दोन्ही नसेल तर उरते ती सामानाची यादी.

द्वारकेकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. भागवताच्या दशम स्कंधात ही समुद्रातली बारा योजनांची नगरी त्वष्ट्याच्या, म्हणजे विश्वकर्म्याच्या, कसबाने उभी राहते. कोणी दगड वाहिल्याचा उल्लेख नाही. सोन्याचे कळस, स्फटिकाचे सज्जे, सारे आहे. पण मराठी माणसाला द्वारका आठवते ती सुदाम्यामुळे. बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यात बांधून तो निघतो. भागवतात तो तीन चौक्या आणि तीन देवड्या ओलांडून आत जातो. कोणी अडवल्याचे तेथे सांगितलेले नाही. मी लहानपणी ऐकलेल्या कीर्तनात मात्र बुवा त्याला पहिल्याच दरवाजाशी पाऊण तास उभा करत. द्वारपाल त्याचे धोतर पाहतो, पुरचुंडी पाहतो, 'कृष्ण तुझा कोण?' म्हणून विचारतो. आम्हा पोरांना द्वारकेची उंची कळली ती त्या पाऊण तासात. कीर्तनकाराने नगरीच्या वर्णनात एका रत्नाचीही भर घातली नाही. त्याने गरिबाला दारात थांबवले, एवढेच केले.

याच द्वारकेच्या कथेचा मराठीतला एक थोर कवी म्हणजे महानुभाव नरेंद्र. त्याचे 'रुक्मिणीस्वयंवर' १२९२ च्या सुमाराचे. रामदेवराव यादवाने ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ करून काव्यावर आपले नाव घालायला सांगितले आणि नरेंद्राने नकार दिला, ही महानुभावांनी जपलेली आठवण प्रसिद्ध आहे. ती आपण कवीच्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. राजा देवगिरीचा, म्हणजे दख्खनच्या सर्वांत संपन्न तटबंद राजधानीचा धनी. कवीच्या काव्यातल्या नगरीवर त्याला स्वतःचे नाव हवे होते. नगरवर्णनाचा उपयोग बरेचदा असाच होत आला आहे. स्तुती द्वारकेची आणि पावती देवगिरीची. नरेंद्राने पावती फाडायचे नाकारले.

पुढे चारच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. राजा किल्ल्यात शिरला. फिरिश्त्याच्या इतिहासात अशी हकीकत आहे की घाईघाईने किल्ल्यात चढवलेली पोती धान्याची म्हणून घेतली होती आणि उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. शरणागतीचे ते एक कारण ठरले. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा अडतीवर होतो, आणि पुस्तक मिटून गोदामातली दोन पोती उघडून पाहिल्याचे मला आठवते. तट कितीही उंच असला तरी पोत्यात काय आहे हे कोणी पाहिले नाही, तर नगरी टिकत नाही. इतिहासातही नाही आणि कादंबरीतही नाही.

ज्या इंग्रजी लेखकाच्या प्रभावाखाली आजची मुले अशा नगरी रचतात, त्या टॉल्किनलाही वेशीचे महत्त्व पुरेपूर कळले होते. पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतल्यावर १९१६-१७ च्या सुमारास त्याने गोंडोलिन या एल्फांच्या गुप्त, तटबंद नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. अनेक वर्षांनी ती पुन्हा विस्ताराने लिहायला घेतली. त्या लेखनात तुओर नावाचा मानव, म्हणजे परका, सात दरवाजांतून एकामागून एक जातो. लाकडाचा, दगडाचा, काशाचा, लोखंडाचा, चांदीचा, सोन्याचा आणि शेवटचा पोलादाचा. प्रत्येक दरवाजाशी पहारा आणि चौकशी. शेवटचा दरवाजा ओलांडून त्याला दूरवर नगरी दिसते, आणि तेथे ते लेखन थांबते. टॉल्किनने ते पुढे पुरे केले नाही. १९८० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते तसेच अपुरे छापले गेले. तरी वाचणाऱ्याला गोंडोलिन पाहिल्यासारखे वाटते. त्या मुलाने गोंडोलिनचे मनोरे उचलले होते. दरवाजे तेवढे राहून गेले होते.

पण मराठीत लिहिणाऱ्यावर टॉल्किनहून मोठी जबाबदारी आहे, असे मला वाटते. तटाच्या बाहेरच्या माणसासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत, आणि 'गावकुसाबाहेर' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कौटिल्यानेही नगररचना सांगताना चांडाळांची वस्ती स्मशानाच्या कडेला नेमून दिली आहे. आणि आपल्याकडे एका तटाचा असा इतिहास आहे की जो आठवल्यावर कुठल्याही काल्पनिक तटाचे वर्णन निर्धास्तपणे करता येऊ नये. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी ओळखून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्या कुसाच्या आत त्याला राहता येत नव्हते ते बांधताना तो गेला, आणि ज्या देवळात जाता येत नव्हते त्याच्या दारात तो कायमचा राहिला. विश्वकर्म्याने उभारलेल्या नगरींच्या पंक्तीत ही एक भिंत अशी आहे की जिच्या बांधकाम करणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे.

म्हणून अद्भुत कादंबरीत अस्पृश्यता दाखवाच, असा माझा आग्रह नाही. यक्षांच्या नगरीत यक्षांचेच प्रश्न असावेत. पण 'कोणी दरिद्री नाही' असे लिहिणाऱ्याने एवढे ठरवावे, की दारिद्र्य खरेच संपले आहे, की ते फक्त तटाबाहेर ठेवले आहे. दोन्ही नगरी लिहिता येतील. मात्र त्या एकच नव्हेत. हा फरक लेखकाने ठरवला नाही, तर समृद्धीचे वर्णन नकळत द्वारपालाची बाजू घेते.

मी त्या मुलाला हस्तलिखित परत दिले तेव्हा एवढे सगळे बोललो नाही. त्याला घेऊन बिंदू चौकात गेलो. कोल्हापूरही एके काळी तटबंद होते. गंगावेस, रंकाळा वेस ही नावे आज बसच्या थांब्यांपुरती उरली असली तरी बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा तुकडा अजून उभा आहे. त्याच चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेबांच्या हयातीत, ते येथे बसवले गेले. मुलगा रोज तेथून कॉलेजला जात होता, पण तट आणि पुतळे त्याने एकत्र असे कधी पाहिले नव्हते. बराच वेळ तो पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, माझ्या नगरीत दगड कोणी आणले ते मी ठरवलेलंच नाही."

दसऱ्याच्या सुमारास तो नवे प्रकरण घेऊन आला. अकरा पानांची चार झाली आहेत. चांदीचा दरवाजा तसाच आहे. पण आता त्याच्यासमोर मिठाच्या बैलांचा तांडा पहाटेपासून थांबला आहे, आणि तांड्यातली एक मुलगी तटावरचे दगड मोजते आहे, कारण त्यांतले काही तिच्या आजोबांनी वाहिलेले आहेत. नगरी अजून आतून दिसलेलीच नाही. मी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि पुढचे प्रकरण कधी आणतोस म्हणून विचारले.