शब्दाचे मूळ आणि शब्दाचा अर्थ

अपरिचित इंग्रजी शब्दांचा अर्थ त्यांच्या लॅटिन-ग्रीक मूळावरून लावावा, ही पद्धती अध्यापनात रूढ आहे. तिची उपयुक्तता निर्विवाद होय. परंतु तिच्या मर्यादा क्वचितच तपासल्या जातात. ‘कळप’ या अर्थाच्या लॅटिन ‘ग्रेक्स’ शब्दाचे कुल या दृष्टीने उद्बोधक आहे. कळप करून राहणारा तो ‘ग्रिगेरिअस’. एकत्र जमलेला उपासकसमुदाय म्हणजे ‘काँग्रिगेशन’. समूहातून वेगळे काढणे म्हणजे ‘सेग्रिगेट’. येथवर मूळ शब्द अर्थाची वाट नीट दाखवितो.

‘एग्रीजिअस’ हा शब्द मात्र ती वाट सोडतो. ‘कळपातून उठून दिसणारा’ हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. सोळाव्या शतकातील इंग्रजीत तो थोरवीचा वाचक होता. त्याच शतकात, बहुधा उपरोधामुळे, तो निंदेकडे झुकला, आणि आज ‘एग्रीजिअस’ चूक म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. इटालियन भाषेत मात्र त्याचेच सगोत्र ‘एग्रेजो’ हे विशेषण पत्राच्या मायन्यात आदराने योजतात. मूळ एक, उपसर्गही एक. तरी एकीकडे गौरव आणि दुसरीकडे निर्भर्त्सना. हा निर्णय मूळाने दिलेला नसून व्यवहाराने दिलेला आहे.

दुसरा धोका रूपसाम्याचा. धर्मगुरू हा कळपाचा मेंढपाळ, ही कल्पना ख्रिस्ती परंपरेत दृढ असल्याने ‘ग्रेगरी’ या नामाचा संबंध ‘ग्रेक्स’शी जोडण्याचा मोह होतो. वस्तुतः ते ‘जागे असणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेले असून त्याचे नाते संस्कृत ‘जागृ’ धातूशी आहे.

यौगिक व रूढ अर्थांतील हा भेद संस्कृत शास्त्रकारांना पूर्ण अवगत होता. ‘कुशल’ म्हणजे मुळात दर्भ आणणारा, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. पण कुशल शल्यवैद्य म्हणताना कोणासही दर्भ आठवत नाही.

केवळ मूळावर विसंबणारा विद्यार्थी आजच्या लेखनातील निंदेला स्तुती समजेल, आणि केवळ प्रचलित अर्थ जाणणारा जुन्या ग्रंथांतील स्तुतीला निंदा. म्हणून शब्दकुलांच्या याद्यांत प्रत्येक शब्दापुढे मूळाबरोबरच त्याचा कालनिर्दिष्ट प्रयोगही देणे अवश्य आहे.