श्रद्धेची कृती आणि कृतीची भाषा : पंडिता रमाबाईंचे लेखन

मराठी वाङ्मयेतिहासात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव येते ते बहुधा समाजसुधारणेच्या प्रकरणात. शारदासदन, मुक्तिमिशन, विधवांचा कैवार, धर्मांतराचा गदारोळ या क्रमाने त्यांची नोंद होते आणि त्यांचे ग्रंथ तळटीपेत जाऊन बसतात. चरित्रकारांना त्यांच्या कार्याचा अभिमान वाटला, विरोधकांना त्यांच्या धर्मांतराचा राग आला. परंतु त्यांच्या गद्याचा विचार या दोहोंपैकी कोणी फारसा केला नाही. त्यांचे गद्य मात्र त्यांच्या श्रद्धेबरोबर बदलत गेले आहे, आणि या बदलाची दिशा त्यांच्या सामाजिक कार्यानेच ठरविली आहे.

‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे त्यांचे पहिले पुस्तक. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने लहानपणीच संस्कृत आत्मसात केले होते आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. त्या पांडित्याची छाप या पुस्तकाच्या पानोपानी आहे. स्त्रियांनी विद्या संपादावी, आळस सोडावा, संसार नीट करावा असा उपदेश येथे आहे. स्त्रियांच्या हीन अवस्थेचा पुष्कळसा दोष त्यांच्याच अज्ञानावर टाकलेला आहे. लेखिका उंच आसनावर बसून बोलते. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले त्यांतील किती जणींना ही भाषा वाचता आली असती, हा प्रश्न तिला अद्याप पडलेला दिसत नाही.

पुढल्याच वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेवर महाराष्ट्रात फार शाई खर्ची पडली. तिच्या मागे असलेला अनुभव मात्र रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत स्वच्छ सांगितला आहे. लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देणारे एक गृह त्यांनी पाहिले. तेथील भगिनींची ममता पाहून त्यांना नवल वाटले आणि त्याचे कारण विचारता योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी कृती दिसली, नंतर तिच्यामागचे वचन ऐकू आले. पुढे आयुष्यभर त्यांच्या श्रद्धेची परीक्षा त्यांनी याच क्रमाने केली. त्यामुळेच चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. ए. बी. शाह यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रव्यवहारात सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे वाद आहेत. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्दांऐवजी संस्कृत का नकोत, असे त्या तेथे विचारतात. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणूनही त्या गप्प राहिल्या नाहीत : पुण्यातील प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेवर १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीर टीका केली.

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात बदललेले गद्य प्रथम दिसते. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्थांबद्दल त्या उत्साहाने लिहितात, पण वर्णद्वेष आणि आदिवासींवरील अन्याय झाकत नाहीत. येथे उपदेशाची जागा निरीक्षणाने घेतली आहे. तरीही हे पुस्तक सुशिक्षित वाचकासाठीच आहे. त्यातील वाक्याला अजून सभेचा डौल आहे.

खरी कसोटी लागली ती मायदेशी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. ‘केसरी’चा विरोध द्वेषमूलक होता असे म्हणून हा प्रश्न संपत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुलींना केडगावी अन्न, निवारा, अक्षर आणि धर्म हे सारे एकाच हातून मिळाले. अशा मुलीची निवड कितपत मुक्त म्हणावी? रमाबाईंचा गौरव करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळला आहे, आणि टाळणे बरोबर नाही. मात्र तो विचारताना हेही सांगितले पाहिजे, की त्या मुलींसाठी दुसरे हात फारसे पुढे आले नव्हते. आणि स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीशी तुलना येथे उपयोगी पडते. विधवांची दुःखे पदमनजींनी कळकळीने मांडली. पण कथेची सोडवणूक नायिकेच्या धर्मस्वीकारात व पुनर्विवाहात होते. केडगावातली विधवा सूत विणते, शेती करते, छापखान्यात खिळे जुळविते. तिचा दिवस कादंबरीच्या शेवटानंतर सुरू होतो.

याच छापखान्यातून रमाबाईंचे अखेरचे आणि सर्वांत उपेक्षित काम बाहेर पडले : हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित बायकांना कळत नाहीत, शिवाय त्यांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या असतात, या दुहेरी कारणाने त्यांनी ते शब्द कटाक्षाने टाळले. परिणाम सर्वत्र सुखद नाही. मुळाशी शब्दशः इमान राखण्याच्या हट्टाने वाक्य अनेकदा अवघडते, लय तुटते. रेव्हरंड टिळकांनी अभंग-ओवीचा वारसा जवळ करून ख्रिस्ताला मराठी कवितेत घरचा केला. रमाबाईंनी तो वारसा हाती असून बाजूला ठेवला. संस्कृतच्या बळावर कीर्ती मिळविलेल्या स्त्रीने उतारवयात संस्कृत शब्दच गाळीत बसावे, याची किंमत साहित्याच्या तराजूत मोजणे कठीण आहे.

टिळकांचा मार्ग रसिकाला जवळचा वाटेल, यात शंका नाही. परंतु रमाबाईंच्या मनातला वाचक रसिक नव्हता. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली, कालपर्यंत पुस्तकाला हात लावण्याची मुभा नसलेली स्त्री ही त्यांची वाचक होती, आणि पुष्कळदा तीच त्या पानाची जुळारीही होती. हे भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ‘स्त्रीधर्मनीति’ आणि हे भाषांतर शेजारी ठेवून, वाक्यावाक्याने ताडून पाहण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांना करण्याजोगे आहे.