पारायणाचा वेग आणि अर्थाची सोबत

गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते आणि पहिल्याच दिवशी वाचकांत दोन तट पडतात. काहींची जीभ सराईत असते, त्यांना व्यासपीठचालक संथ वाटतात. काहींची ओवी अर्ध्यावर असते तोच मंडप पुढच्या ओवीवर गेलेला असतो. मग ही मंडळी ओळींवरून नुसते बोट फिरवतात, शेजाऱ्याचे पाहून पान उलटतात आणि सातव्या दिवशी ग्रंथाला नमस्कार करून उठतात. पुढच्या वर्षी त्यांतली काही ‘आम्हांला जमत नाही’ म्हणून वाचायला बसतच नाहीत. माउलींच्या ग्रंथापासून माउलींचेच लेकरू दुरावले, याहून मोठी हानी कोणती? म्हणून पारायणाच्या वेगाचा विचार मोकळेपणाने झाला पाहिजे.

आधी हिशोब पाहू. ग्रंथाच्या ओव्या नऊ हजारांवर. सात दिवसांत संपवायच्या तर रोज सुमारे १३०० येतात. सकाळचे तीन तास वाचन धरले, तर एका ओवीच्या वाट्याला आठ सेकंदांच्या आसपास वेळ येतो. एवढ्यात उच्चार होतो. ओवी ओळखीची असेल तर अर्थही होतो. अनोळखी असेल तर मात्र होत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही.

यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, आधी पाठ होऊ द्या, अर्थ मागाहून येईल. यात तथ्य आहे. कानाला वळण लागते, शब्द जिभेवर रुळतात, आणि नामासारखेच ग्रंथाचे उच्चारणही वाया जात नाही. परंतु ‘मागाहून’ म्हटलेला अर्थ पुष्कळांच्या बाबतीत येतच नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तेच सात दिवस आणि तीच घाई. दुसरे मत म्हणते, ही पोपटपंची सोडा, रोज एकच ओवी वाचा. ऐकायला हे गोड आहे. पण रोज एक ओवी धरली तर ग्रंथ पुरा व्हायला जवळजवळ २५ वर्षे लागतील. शिवाय एका दृष्टांताच्या चार ओव्या चार दिवसांत वाचल्या, तर पहिली विसरल्यावर चौथी कळायची कशी? फार सावकाश वाचल्यानेही अर्थ तुटतो. म्हणजे वेग हवा, पण तो समजुतीतून आलेला हवा.

हल्ली शीघ्रवाचन शिकवणारे सांगतात की ओठ हलवू नका, मनातही उच्चारू नका, नजर ओळीवरून सरकवत न्या. वर्तमानपत्राला हे ठीक. ओवी मात्र कानासाठी आहे. तिचे तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. श्वास तिथे टेकतो, आणि बहुधा बोलणेही तिथेच टेकते. ओठ बंद करून ओवी वाचली तर हा आधारच जातो.

मग समजुतीचा वेग येतो कुठून? पहिला उगम शब्दांत आहे. ज्ञानेश्वरीत अडवणारे शब्द वाटतात तितके नाहीत, तेच ते पुन्हा येतात. ‘कां’ हा बहुतेक ठिकाणी प्रश्न नसून ‘अथवा’ आहे. ‘आन’ म्हणजे शपथ नव्हे, दुसरा. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर, होडीशी त्याचा संबंध नाही. ‘निकें’ म्हणजे चांगले, ‘वोखटें’ म्हणजे वाईट, ‘नाथिलें’ म्हणजे मुळात नसलेले. असे शंभरेक शब्द वहीत उतरवून पाठ करावेत. जिथे पूर्वी अडत होतो, तिथून मग आपण सरळ पुढे जातो.

दुसरा उगम रचनेत आहे. माउली दृष्टांतामागून दृष्टांत देतात. ‘जैसें’ एका ओवीत असते आणि ‘तैसें’ कधी चार ओव्या पुढे. आवाज चालू ओवीवर असू द्यावा, नजर मात्र ‘तैसें’च्या शोधात पुढे असावी. ते सापडले की मधल्या ओव्या एकदम उजळतात. तेराव्या अध्यायात एकट्या अहिंसेचे विवरण शंभरावर ओव्या चालते. एकच गोष्ट अनेक अंगांनी सांगितली जात आहे हे ठाऊक असलेला वाचक तिथे दमत नाही.

तिसरा उगम म्हणजे मूळ श्लोक. खालच्या ओव्या कोणत्या श्लोकावर आहेत आणि बोलणारा कोण, श्रीकृष्ण, अर्जुन, संजय की स्वतः माउली, एवढे आधी पाहिले तर निम्मे काम झाले.

आता सप्ताहाच्या चालकांना विनंती. वाटणी अध्यायांच्या संख्येने करू नये. चौथा आणि पाचवा मिळून चारशेच्या आसपास ओव्या होतात, एकटा तेरावा अकराशेंच्या वर जातो आणि अठरावा अठराशेंच्या. अठरावा शेवटच्या दिवशी, काल्याची गडबड समोर असताना, धावतपळत वाचला जातो. ज्या अध्यायात सगळ्या गीतेचा कळस आहे, त्याच्या नशिबी ही घाई यावी हे बरे नाही. ओव्या मोजून वाटणी करावी. दुपारचे प्रवचन त्या दिवशी वाचलेल्या भागावरच ठेवावे. आणि सप्ताहाच्या महिनाभर आधी इच्छुकांना सार्थ प्रत देऊन घरी एकदा वाचून यायला सांगावे. नव्या वाचकाला सराइताच्या शेजारी बसवावे, मागे एकटे नको.

नेवाशात शके १२१२ मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ पुढे पाठभेदांनी गढूळ झाला होता. नाथमहाराजांनी प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये तो शुद्ध केला. अक्षर न् अक्षर पारखण्याचे ते वाचन किती संथ झाले असेल! आज आपण ज्या वेगाने वाचू शकतो, तो त्या संथपणाच्या पुण्याईवर. शुद्ध झालेली ओवी पुन्हा तोंडात अशुद्ध आणि मनात अबोल ठेवायची नसेल, तर यंदाच्या सप्ताहाआधी एकच अध्याय घ्यावा. बारावा घ्या, अडीचशेही ओव्या नाहीत. एकदा सार्थ वाचा, एकदा मोठ्याने, मग मंडपाच्या चालीवर. तिसऱ्या वेळी वेग आपोआप आलेला असेल आणि अर्थही सोबत चालत असेल.

रामकृष्ण हरि.