उपाहारगृहाची कादंबरी : धनी, सेवक आणि गिऱ्हाईक यांची भाषा

मराठीत ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ मूळ इंग्रजी शब्दापासून बराच दूर गेला आहे. मुक्कामाची सोय हा त्याचा मूळ अर्थ बोलभाषेत पुष्कळ अंशी ‘लॉज’ या दुसऱ्या उसन्या शब्दाकडे गेला, आणि चहाच्या कपापासून राइसप्लेटपर्यंत जे काही पैसे टाकून बसून खाता येते त्या सर्व जागांना ‘हॉटेल’ ही संज्ञा लागू झाली. ‘उपाहारगृह’ हा शब्द पाटीवर राहिला, बोलण्यात आला नाही. याहूनही लक्षणीय आहे ती अशा जागांचा निर्देश करण्याची मराठी रीत. ‘इराण्याकडे’, ‘उडप्याकडे’, ‘सावजीकडे’ असे आपण म्हणतो. धन्याची जात, जमात किंवा त्याचा मूळ प्रांत सांगणारे नाम, त्याचे सामान्यरूप आणि त्यापुढे ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय, एवढ्यावर जागेचा निर्देश पूर्ण होतो. भटारखान्यात उभा असलेला आचारी, फडके फिरवणारा पोऱ्या, मोरीशी बसून कपबश्या विसळणारी बाई यांपैकी कुणाचाही उल्लेख या रचनेत येत नाही.

एखाद्या शहराच्या आवडत्या उपाहारगृहाभोवती गुंतलेली आयुष्ये हा ज्या कादंबरीचा विषय असेल, तिच्यापुढे हाच पहिला प्रश्न उभा राहतो. ‘आवडते’ हे विशेषण गिऱ्हाइकाचे आहे. ते धन्याच्या फायद्याचे असते, आणि सेवकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ पुष्कळदा अधिक तास उभे राहणे एवढाच असतो. या तीन दृष्टींपैकी कादंबरी कोणती स्वीकारते आणि उरलेल्या दोघांना किती व कशी वाक्ये देते, यावर तिचे वाङ्मयीन मोल बरेचसे अवलंबून असते. निरनिराळ्या भाषांतील तीन कादंबऱ्यांच्या आधारे या विधानाची परीक्षा करणे आणि त्या प्रकाशात मराठी कादंबरीकडे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

कामीलो होसे सेला या स्पॅनिश लेखकाची ‘ला कोल्मेना’ (मधमाश्यांचे पोळे) ही कादंबरी 1951 मध्ये प्रसिद्ध झाली. स्पेनमधील नियंत्रकांनी परवानगी नाकारल्यामुळे ती प्रथम ब्वेनोस आयरेस येथे छापावी लागली. यादवी युद्धानंतरचे भुकेलेले, भ्यालेले माद्रिद हा तिचा विषय, आणि दोन्या रोसा नावाच्या स्त्रीचे कॅफे हे तिचे केंद्र. पात्रे शेकडो आहेत. प्रत्येकाला थोडीशीच जागा मिळते आणि कथानकाचा सलग धागा जवळजवळ नाहीच. कॅफेतील काही टेबलांचे संगमरवरी पृष्ठभाग म्हणजे जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरे खालच्या बाजूला असल्याने गिऱ्हाइकांना ती दिसत नाहीत, मात्र टेबलाखाली बोटे फिरवली तर मृतांची नावे वाचता येतील. कॅफेच्या लोकप्रियतेखाली काय दडलेले आहे, हे सेला या एका तपशिलात सांगून टाकतो.

येथे धनीण बोलते आणि बाकीचे ऐकतात. तथापि कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण भाषिक प्रसंग एका सेवकाचा आहे. पैसे देऊ न शकलेल्या मार्तीन मार्को या तरुणाला लाथ मारून बाहेर काढण्याचा हुकूम दोन्या रोसा देते. वेटर त्याला निमूटपणे दारापर्यंत नेऊन सोडतो आणि परत येऊन मालकिणीला लाथा मारल्याचे सांगतो, वर त्यांची संख्याही सांगतो. त्याचे उत्तर आदरार्थी संबोधनाने युक्त आहे आणि आज्ञापालनाची सगळी लक्षणे त्यात आहेत. आशयाने मात्र ती आज्ञा मोडलेली आहे. सेवकाच्या भाषेचे हे मूलभूत लक्षण म्हणावे लागेल. तिचे रूप धन्याच्या मालकीचे असते. जे काही स्वातंत्र्य त्याला मिळवायचे असेल ते रूप आणि आशय यांच्यामधल्या फटीतच मिळवावे लागते.

२

शंकर या बंगाली लेखकाच्या ‘चौरंगी’ (1962) या कादंबरीत निवेदन सेवकाकडे आले आहे. कलकत्त्याचे शाहजहान हॉटेल काल्पनिक आहे. ते राहण्याचे हॉटेल असले तरी त्याचे बार, भोजनकक्ष, नाचगाण्याच्या रात्री आणि त्यांभोवतीची माणसे यांमुळे ते येथे विचारात घेणे उचित ठरते. एका इंग्रज बॅरिस्टरकडे कारकुनी केलेला, आता बेकार झालेला तरुण या हॉटेलात नोकरीस लागतो आणि जे पाहतो ते सांगतो.

या कादंबरीतील नावांकडे लक्ष दिले पाहिजे. सत्यसुंदर बोस हा स्वागतकक्षाचा प्रमुख येथे ‘साटा बोस’ होतो. चादरी-उशांचा कोठावळा नित्यहरी याचेही नाव असेच मोडून वापरले जाते. पाहुण्यांच्या पापांचा मळ आपल्या हातांना लागतो या भावनेने तो सतत हात धूत राहतो. नाव बदलणे ही नोकरीची पहिली अट, आणि मूळ नाव हे नोकरीबाहेरच्या आयुष्याचे शिल्लक चिन्ह, असा हा व्यवहार आहे. नोकरवर्ग हॉटेलच्या गच्चीवर राहतो. खाली काउंटरवरची भाषा आणि वर गच्चीवरची भाषा यांतील अंतर शंकर यांनी जाणतेपणे राखले आहे. खाली प्रत्येक वाक्य हसतमुख आणि निर्वैयक्तिक असते. तीच माणसे वर गेली की त्यांना भूतकाळ, घर आणि भीती प्राप्त होते.

या कादंबरीच्या मर्यादाही याच रचनेतून निर्माण झाल्या आहेत. निवेदक बहुतेक वेळ श्रोता असल्यामुळे प्रत्येक पात्र आपली कहाणी घेऊन त्याच्यासमोर येते आणि कहाण्यांची माळ तयार होते. करबी गुहासारख्या स्त्रीची शोकांतिका वाचकाला हलवते हे खरे, तथापि वियोग आणि मृत्यू इतक्या नियमाने येत राहतात की करुणरस हा अनुभवाचा भाग न राहता मांडणीची सवय होऊ लागतो. असे असूनही शेवट खरा आहे. ज्याने हे सारे सांगितले त्यालाच हॉटेल सोडावे लागते. त्या जागेवर प्रेम करण्याचा हक्क पगारासोबत संपतो, ही जाणीव गिऱ्हाइकाच्या स्मरणरंजनात सहसा आढळणारी नाही.

३

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ (2013) ही छोटी कन्नड कादंबरी तिसऱ्या टोकावर उभी आहे. बंगळूरच्या जुन्या कॉफी हाउसमध्ये रोज येऊन बसणारा गिऱ्हाईक हाच येथे निवेदक आहे. त्याला नाव नाही. मसाल्याच्या धंद्यात काकाने कमावलेल्या पैशावर त्याचे कुटुंब जगते, आणि त्या पैशाने कुटुंबाची भाषा कशी बदलली याचे हे आत्मकथन आहे. शीर्षकातील शब्दजोडी कन्नड नाही, किंबहुना कोणत्याच भाषेतील नाही. गुंता झाला या अर्थी ती निवेदकाच्या पत्नीच्या माहेरी चार माणसांत रूढ होती. अर्थ केवळ वापराने आणि परस्परविश्वासाने सिद्ध होतो, याचे इतके चोख उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण. हा खासगी शब्द निवेदकाला मिळतो, पण त्यामागचा विश्वास तो राखू शकत नाही.

कॉफी हाउसचा वेटर व्हिन्सेंट फार थोडे बोलतो. निवेदक त्याच्या प्रत्येक वाक्यात गूढ अर्थ शोधतो आणि त्याला जवळजवळ द्रष्ट्याचे स्थान देतो. व्हिन्सेंटचे घर, त्याचा पगार, त्याची दुखणी यांविषयी मात्र तो काहीच विचारीत नाही. हे कादंबरीचे वैगुण्य मानण्याचा मोह होईल, परंतु तसे मानणे चूक ठरेल. ज्याला घरच्या अन्यायाविरुद्ध एक वाक्य उच्चारता आले नाही, तो सेवकाच्या मौनाला शहाणपण समजतो, हाच लेखकाचा उपरोध आहे. अखेरीस निवेदकाच्या हाताला रक्त लागले आहे हे व्हिन्सेंटच त्याच्या नजरेस आणून देतो. वाक्य साध्या सेवेचे आहे आणि त्यात ‘सर’ हे संबोधनही आहे. वाचकाला मात्र ते आरोपासारखे ऐकू येते. सेलाच्या वेटरशी त्याचे नाते येथे स्पष्ट होते. दोघांचीही भाषा रूपाने नम्र आहे आणि दोघांनीही न्यायनिवाडा त्याच नम्रतेच्या आत ठेवला आहे.

४

आता मराठीकडे वळता येईल. अनेक आयुष्ये एका जागेत गुंफण्याचे काम मराठी साहित्यात उपाहारगृहाने केले नाही; ते चाळीने, वाड्याने आणि नाक्याने केले. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (1958), भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ (1965), महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) ही नावे सहज आठवतात. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963) वसतिगृहाची मेस आहे, परंतु ती पांडुरंग सांगवीकराच्या आयुष्यातील एक प्रकरण म्हणून येते. चाळीतील भांडण हे बरोबरीच्या माणसांचे असते. त्यात दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणू शकतात. हॉटेलात ‘अरे’ एकाच बाजूने जाते. ज्या लेखकवर्गाने हॉटेलात बसून चर्चा केल्या तो वर्ग गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर होता, आणि त्या खुर्चीवरून दिसणाऱ्या जगाचे वर्णनच मराठीत अधिक झाले.

या दृष्टीने नागपूरच्या सीताबर्डीचा विचार उद्बोधक ठरतो. 1956 पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषा तेथील कारभारात होत्या. आज महाराष्ट्रात असूनही बर्डीच्या रस्त्यावर त्या दोन्ही शेजारी शेजारी चालतात. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 मधील सातव्या खंडात नागपुरी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘येत आहे’ऐवजी ‘येऊन राहिला’ ही तिची परिचित रूपे होत. बर्डीवरच्या एखाद्या हॉटेलातील वेटर भटारखान्याकडे तोंड करून या बोलीत बोलेल, व्यापाऱ्याशी हिंदीत बोलेल, आणि जवळच्या महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकाशी कदाचित प्रमाण मराठीचा प्रयत्न करील. तीन टेबलांच्या अंतरात एकच माणूस तीन भाषिक भूमिका बदलतो. प्राध्यापकाला मात्र एकही बदलावी लागत नाही. सत्तेचे हे मोजमाप कादंबरीकाराला आयतेच उपलब्ध आहे.

धोका येथेच संभवतो. बोली केवळ वेटरच्या तोंडी घालून तिच्यावर हशा मिळवणे सोपे आहे, आणि रंगभूमीवर व चित्रपटांत तसे पुष्कळदा झालेही आहे. याच्या उलट मार्ग उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (1960) दाखविला. कौतिकचे वऱ्हाडी बोलणे तेथे विनोदासाठी येत नाही. तिचा निर्धार आणि तिची हार त्याच बोलीत आकार घेतात, आणि ती प्रमाणभाषेत सांगितली तर त्यांचे बळ कमी होईल अशी वाचकाची खात्री पटते. ग्रामीण जीवनाला मिळालेला हा न्याय शहरातील सेवकवर्गाला अद्याप तितक्या प्रमाणात मिळालेला नाही.

बोलीची अचूक नोंद म्हणजे वाङ्मय नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. सेला, शंकर आणि शानभाग यांचे यश ध्वनिमुद्रणाच्या अचूकपणात नाही. कोणाला बोलू द्यावे, कोणाला थांबवावे आणि कोणाच्या नम्र वाक्यात नकार ठेवावा, या निवडीत ते आहे. परंतु निवड करण्यासाठी प्रथम ते वाक्य ऐकलेले असावे लागते. ‘इराण्याकडे’ किंवा ‘सावजीकडे’ म्हणताना भाषेने ज्यांना वगळले, त्यांना त्यांच्या पूर्ण नावाने आणि पूर्ण वाक्याने परत आणणे हे उपाहारगृहाच्या मराठी कादंबरीचे पहिले काम राहील.