लॅनिगनचा रब्बी : एका षष्ठी विभक्तीची गोष्ट

धर्मगुरू गुन्ह्याचा छडा लावतो, ही कल्पना गुप्तहेरकथेला नवी नाही. चेस्टरटनचा फादर ब्राउन 1910 साली पहिल्यांदा छापून आला आणि तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. दूरचित्रवाणीनेही ती आनंदाने उचलली. या लेखात मी विचार करणार आहे तो या परंपरेतल्या एका अल्पायुषी, जवळजवळ विसरल्या गेलेल्या मालिकेचा. तिचे नाव ‘लॅनिगन्स रॅबाय’, म्हणजे लॅनिगनचा रब्बी. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर 1976 मध्ये तिचा पायलट भाग दाखवला गेला. 1977 मध्ये जानेवारी ते जुलै या काळात आणखी चार भाग झाले आणि मालिका संपली.

मालिका का संपली, हा माझा प्रश्न नाही. ‘संडे मिस्ट्री मूव्ही’ नावाच्या ज्या मालिकामालेत ती आळीपाळीने दाखवली जाई, ती मालिकामालाच त्या वर्षी बंद झाली. माझा प्रश्न वेगळा आहे. कादंबरीतला रब्बी पडद्यावर येताना वाटेत काय हरवले? त्याचे उत्तर मला मालिकेच्या नावातच सापडते.

मूळ कादंबऱ्या हॅरी केमेलमन यांच्या. बॉस्टनमध्ये जन्मलेल्या या लेखकाने आधी उपनगरातल्या ज्यू वस्तीवर एक साधी सामाजिक कादंबरी लिहिली होती. ती कोणी छापेना. एका संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी त्याच सामग्रीत रहस्यकथा मिसळली आणि 1964 साली ‘फ्रायडे द रॅबाय स्लेप्ट लेट’ आली. तिला पहिल्या कादंबरीसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. पुढे शनिवार, रविवार, सोमवार असे वारांचे धागे धरून मालिका वाढत गेली. या प्रत्येक शीर्षकात रब्बी हा वाक्याचा कर्ता आहे. तो उशिरा उठतो, उपाशी राहतो, घरी थांबतो. दूरचित्रवाणीने मात्र त्याला षष्ठीत टाकले. तो आता पोलीसप्रमुख लॅनिगनचा झाला.

हे घडले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. त्या मालिकामालेतली गाजलेली नावे म्हणजे कोलंबो, मॅक्लाउड आणि मॅकमिलन. तिन्ही पोलीस खात्यातले. रब्बीला त्या रांगेत शिरायचे तर एखाद्या पोलिसाचे बोट धरूनच शिरावे लागले. लॅनिगनच्या भूमिकेत आर्ट कार्नी होते, ‘हॅरी अँड टोन्टो’साठी ऑस्कर मिळवलेले नट. रब्बी डेव्हिड स्मॉलची भूमिका पायलटमध्ये स्टुअर्ट मार्गोलिन यांनी केली, पुढच्या भागांत ब्रूस सॉलोमन यांनी. रब्बी बदलला तरी चालले, लॅनिगन मात्र तोच राहिला. मॅसॅच्युसेट्समधले कादंबरीतले गावही कॅलिफोर्नियात हलवले गेले.

यात बिघडले काय, हे कळण्यासाठी रब्बी म्हणजे कोण, हे ध्यानात घ्यायला हवे. मराठी वाचकाला ते आपल्या बेने इस्रायलींवरून समजेल. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या समाजात पूर्वी रब्बी नव्हतेच. प्रार्थना हझान चालवीत आणि धर्म टिकून राहिला. कारण सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष पुरतात, पुरोहिताची गरज पडत नाही. रब्बीचा अधिकार विद्येचा. तो धर्मशास्त्र जाणतो, भांडणात निवाडा देतो, एवढेच.

फादर ब्राउनचे बळ कबुलीजबाबात आहे. माणसाचे पाप त्याला आपल्याच अंतःकरणातून कळते. ‘द हॅमर ऑफ गॉड’ या कथेत तो खुन्याला ओळखतो आणि पुढचा निर्णय त्याच्यावरच सोडतो. डेव्हिड स्मॉलला यातले काही करता येत नाही. तो कबुली ऐकत नाही, पापक्षालन करत नाही. त्याच्याकडे फक्त ताल्मुदाची रीत आहे: पूर्वपक्ष पुरता उभा करायचा, मग तो टिकतो का ते पाहायचे. पहिल्या कादंबरीच्या आरंभीच तो दोन सभासदांमधला उसन्या नेलेल्या मोटारीच्या नुकसानीचा तंटा याच रीतीने सोडवतो. पुढे खुनाचा उलगडाही त्याच रीतीने होतो.

आणि हे सगळे तो करतो तेव्हा त्याची स्वतःची नोकरी डळमळीत असते. मंडळ त्याचा करार वाढवणार की नाही, यावर वाद चालू असतो. सिनेगॉगच्या आवारात एका तरुण दाईचे प्रेत सापडते, तिची पर्स रब्बीच्या गाडीत निघते आणि तोही संशयितांत जमा होतो. अटक होते ती ब्रॉन्स्टीन या दुसऱ्याच माणसाला. त्याचा व्यवसायातला भागीदार बेकर हा तर रब्बीचा कट्टर विरोधक. तरी रब्बी ब्रॉन्स्टीनला निर्दोष ठरवायला पुढे होतो, कारण आरोपाचा युक्तिवाद टिकत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांची क्षमा मागून शेवट सांगतो, कारण माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. खुनी निघतो तो लॅनिगनच्याच दलातला एक पोलीस.

कादंबरीतही लॅनिगन आणि रब्बी यांची मैत्री आहे आणि ती लोभस आहे. एक आयरिश कॅथलिक, दुसरा ज्यू. दोघे धर्मावर मोकळेपणाने बोलतात. मालिकेने ही मैत्री उचलली, दोघांच्या बायकांना कथेत जागा दिली. रब्बीला विनोदाचा विषय न करता रविवारच्या संध्याकाळी घराघरांत नेले, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण कादंबरीत ही मैत्री फुलते ती दोन स्वतंत्र माणसांत. संशयितांच्या यादीत स्वतः असलेला, कोणाच्याही पदरी नसलेला विद्वानच पोलिसांच्या घरात शिरून तिथला गुन्हेगार दाखवू शकतो. तो एकदा लॅनिगनचा झाला, की त्याच्या हुशारीला धक्का लागत नाही. पण पोलिसांकडे संशयाने पाहण्याची त्याची मोकळीक संपते.

केमेलमन यांनी आपल्या नायकाला शेवटच्या शीर्षकापर्यंत रब्बीच ठेवले, कोणाचाही नव्हे. दूरचित्रवाणीला एवढे जमले नाही.