'म्हणे' कुठे गेलं?

मराठीत दोन अक्षरांचा एक शब्द आहे, 'म्हणे'. 'यंदा परीक्षा पुढे ढकलणार म्हणे.' 'त्यांनी पुण्याचा फ्लॅट विकला म्हणे.' वाक्याच्या शेवटी हा शब्द आला की बोलणारा सांगून टाकतो, हे मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. ऐकणाराही तेवढाच विश्वास ठेवतो. हाच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की टर उडवतो. 'म्हणे मोठा इंजिनिअर!' हे वाक्य मी स्वतः पुष्कळदा ऐकलंय, विशेषतः घरातला वायफाय बंद पडल्यावर.

अफवा आपल्याकडे कायमच होत्या. पण तोंडी अफवेत हा 'म्हणे' सोबत चालायचा. फॉरवर्डमध्ये तो गळून पडला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा बदल बटणाच्या भाषेत दिसतो. तोंडी सांगताना बातमी तुमच्या शब्दांतून जाते, आणि तुमची शंका आपोआप तिच्यात मिसळते. फॉरवर्डचं बटण मात्र मूळ मजकूर स्वल्पविरामासकट पुढे ढकलतं. ज्या काकांनी समोरासमोर 'म्हणे' लावलं असतं, तेच काका आता 'हे शंभर टक्के सत्य आहे' असं ठामपणे सांगतात. ते वाक्य त्यांचं नसतं. पण वर नाव आणि डीपी त्यांचा असतो.

फॉरवर्ड हा आता एक वाङ्मयप्रकारच आहे, तेव्हा त्याची समीक्षाही व्हायला हवी. त्याची घडण नवी नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांना पोस्टकार्डं यायची. देवीचा चमत्कार घडला, हे पत्र इतक्या जणांना पाठवा, पाठवलं त्याला लॉटरी लागली, फाडलं त्याचं वाटोळं झालं. आज 'सर्व ग्रुपवर पाठवा' आणि 'आपल्या मुलांसाठी तरी वाचा' ही त्याचीच नवी रूपं आहेत. आधी एक मोठं नाव, मग एक नेमका आकडा, मग भीती किंवा अभिमान, आणि शेवटी आज्ञा. फरक श्रमाचा आहे. पोस्टकार्ड हाताने लिहावं लागायचं. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी फोनवरून एका दिवसात देशभर पसरली, तेव्हाही लोक निदान चमचा घेऊन रांगेत उभे राहिले होते. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांना तिथेच रंगीत दूध वापरून दाखवता आलं. फॉरवर्डला चमचाही लागत नाही.

शिकलेले लोक फसत नाहीत, हे खरं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली आणि 2000 च्या नोटेत नॅनो चिप असल्याचा मेसेज फिरला. टीव्ही चॅनेलांनी त्यावर ग्राफिक्ससह कार्यक्रम केले. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही तो आला. जीपीएस रिसीव्हर फक्त उपग्रहांचे सिग्नल घेतो. स्वतःचा पत्ता कुणाला कळवायचा असेल तर वेगळा ट्रान्समीटर लागतो आणि त्याला वीज लागते. कागदाच्या नोटेत हे बसत नाही, हे त्या ग्रुपवरच्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलं असतं. तरीही मेसेज टिकला, कारण त्यात लिहिलं होतं की नोट जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी सापडते. 'खूप खोल' असं लिहिलं असतं तर लोक हसले असते. '120 मीटर' वाचल्यावर वाटतं, कुणीतरी मोजलं असणार. आपला आकड्यांवर एवढा विश्वास आहे की आकडा कुठून आला, हे विचारायचंच राहून जातं.

ही गंमत इथे संपत नाही. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. त्यांतली एक क्लिप कराचीत मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेली होती. मूळ क्लिपमध्ये मोटरसायकलवाले मुलाला उचलतात, मग परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. आपल्याकडे आली ती शेवट कापलेली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली पाच माणसं तिथे होती. भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवायला आल्याच्या संशयावरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

दोष एकट्या मोबाइलवर ढकलणंही सोयीचं आहे. 1871 च्या कायद्याने या देशातल्या काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात आलेल्या भटक्याकडे बघायची नजर गेली नाही. क्लिपने फक्त त्या नजरेला पुरावा पुरवला. मेसेजमध्ये 'अनोळखी माणसं' एवढंच असलं, तरी अनोळखी कोण, हे आपण आधीच ठरवलेलं असतं.

त्यानंतर व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी पट्टी आणली आणि भारतात एका वेळी फक्त 5 चॅटना पाठवायची मर्यादा घातली. ती पट्टी म्हणजे कंपनीने कोडमध्ये लिहिलेलं 'म्हणे'च आहे. पण ते राखाडी रंगात, बारीक अक्षरात. आणि 5 चॅट म्हणजे 5 माणसं नव्हेत. तेव्हा एका ग्रुपात 256 जण मावायचे. स्वतःला वगळून 255 गुणिले 5, म्हणजे एका बोटाने 1,275 लोक. पुढे जास्त फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण आला, आणि एप्रिल 2020 मध्ये असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं झालं. याने वेग नक्कीच कमी झाला. पण मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला, की सिस्टिमच्या दृष्टीने तो नवाकोरा मेसेज. बाण गायब, 'म्हणे' पुन्हा गळालं. कोड वेगाला लगाम घालतो. मजकूर खरा की खोटा, हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या बाजूची भाषा बघा. अशी कुठलीही घटना घडली की ठरलेली वाक्यं येतात. 'घटना अत्यंत दुर्दैवी आहे.' 'कोणाचीही गय केली जाणार नाही.' 'सखोल चौकशी केली जाईल.' व्याकरणाच्या तासाला शिकलेला कर्ता इथे शोधून दाखवा. चौकशी कोण करणार, किती दिवसांत, कुणाला उत्तर देणार? अफवेतला 'सूत्रांकडून समजते' आणि निवेदनातला 'केली जाईल' ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत बोलणारा वाक्याच्या मागे लपतो. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने 'ऑन बुलशिट' या निबंधात एक भेद केलाय. खोटं बोलणाऱ्याला सत्य माहीत असतं, म्हणून तर तो ते लपवतो. बाता मारणाऱ्याला खरं-खोटं याचं सोयरसुतकच नसतं, म्हणून तो जास्त घातक. मला वाटतं, पोकळ निवेदनं ऐकून ऐकून आपला कान मरतो. शब्दामागे काही असतंच असं नाही, ही सवय लागली की शब्द तपासायची सवय सुटते. अफवेला असाच मेलेला कान हवा असतो.

फॅक्ट-चेकच्या साइट्स चांगलं काम करतात, पण त्या नेहमी मेसेजच्या मागून धावतात. राईनपाड्यात त्या दुपारी लिंक उघडायला कुणी थांबलं नसतं. तिथे हवा होता गर्दीतला एक आवाज, 'तू पाहिलंस का?' असं विचारणारा. तो आवाज शाळेत, घरात, ग्रुपवर आधीपासून सरावाचा असावा लागतो. आयत्या वेळी तो घशातून निघत नाही.

त्यासाठी ॲप नको. आपल्या भाषेने हे काम कधीच करून ठेवलंय. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर त्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने 'म्हणे' टाइप करा. 'टोळी आली आहे म्हणे' असं लिहिताना अंगठा अडखळतो, आणि तेवढं अडखळणं बहुतेकदा पुरेसं असतं. आणि टीव्हीवर कुणी माइकसमोर कर्ता नसलेलं वाक्य बोललं, तर तोच शब्द उचलून पुढे लावा. म्हणे, कोणाचीही गय केली जाणार नाही!