पुढची स्लाइड

दिवे मालवले की पूर्वी मला आनंद व्हायचा. दिवे गेले म्हणजे सिनेमा सुरू होणार, हे लहानपणापासूनचं गणित. हल्ली दिवे जातात आणि पडद्यावर 'प्रस्तावना' अशी पाटी येते. तिच्याखाली पाच ठिपके, प्रत्येक ठिपक्यापुढे एक अर्धवट वाक्य. मग मी खुर्चीत जरा खाली सरकतो आणि चष्मा पुसायला काढतो. पुष्कळ वेळ पुसतो.

परवा आमच्या कल्याणच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरनं एक टाय लावलेला मुलगा आणि 64 स्लाइडी पाठवल्या होत्या. मुलगा सालस होता. 'नमस्कार' एवढं तो आमच्याकडे तोंड करून म्हणाला. पुढचा पाऊण तास आम्ही त्याची पाठ पाहिली. पडद्यावर जे होतं तेच तो अक्षरन् अक्षर वाचत होता. आता आम्ही सगळे साक्षर, दोघं तर निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही आधीच वाचून संपवायचो आणि वर्गातल्या मागं पडलेल्या पोरासाठी थांबावं तसे त्याच्यासाठी थांबायचो. त्यात एकेक ओळ घिरट्या घालत यायची. पिंडाला कावळा शिवेपर्यंत जसा जिवाला घोर, तसा ती ओळ जागेवर बसेपर्यंत.

बाराव्या स्लाइडवर 'बांधकाम कालावधी : 36 महिने' असं होतं. आम्ही माना डोलावल्या. मग तरणतलाव आला, व्यायामशाळा आली, एक गोरीपान बाई योगासनं करून गेली. (ही बाई कुठल्याच इमारतीत राहायला आलेली मी पाहिलेली नाही.) एकेचाळिसाव्या स्लाइडवर अकरा मुद्दे होते. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'पर्यायी जागेचे भाडे : कमाल 24 महिने.' मुलानं दहा मुद्दे वाचले आणि म्हणाला, "पुढची स्लाइड."

"थांब रे बाळा," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "खालची ओळ राहिली बघ. आणि मघाशी छत्तीस म्हणालास ना? मग उरलेलं वर्षभर मी राहू कुठं? तुझ्या त्या तलावात?"

मुलाला मी बोल लावत नाही. छत्तीस आणि चोवीस एका कागदावर शेजारी असते, तर वजाबाकी कुणीही केली असती. पण दोघांच्या मध्ये 28 स्लाइडी गेल्या. आगगाडीच्या खिडकीतून पुढचं स्टेशन दिसलं की मागचं गेलं, तसा हा प्रकार. अमेरिकेतल्या एडवर्ड टफ्टी नावाच्या प्राध्यापकांनी 2003 साली पॉवरपॉइंटवर एक खरमरीत पुस्तिका काढली. तिच्यातली मुख्य तक्रार हीच, की माहितीची खांडोळी होते आणि तुलना मरते.

त्यांनी पुढं एका स्लाइडची चिरफाड केली. ती वाचताना मला हसू आलं नाही. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनियरांनी नासापुढे स्लाइडी मांडल्या. त्यातल्या एकीचा मथळा धीर देणारा. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे नातू. आणि सगळ्यांत तळाशी असं, की चाचण्या 3 घनइंचांच्या तुकड्यांवर झाल्या, आदळलेला तुकडा अंदाजे 1,920 घनइंचांचा. म्हणजे 640 पट! मथळा व्हायची गोष्ट तळाला. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. सात माणसं गेली, त्यांत आपली कर्नालची कल्पना चावला. केवळ स्लाइडमुळे गेली असं कोणी म्हणत नाही. पण चौकशी मंडळानं त्या स्लाइडची आपल्या अहवालात मुद्दाम दखल घेतली.

पॉवरपॉइंट 1987 साली आलं, पहिल्यांदा मॅकिन्टॉशवर. त्याच्या कितीतरी आधी, 1892 च्या सुमारास, आमच्याच कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं आणि मागं दिवा. म्हणजे स्लाइडीच की! पण पडद्यावर चित्र आणि गोष्ट माणसाच्या तोंडी, अशी कामाची वाटणी होती. काचेवर पाच ठिपके काढून पुढं 'हनुमान : उड्डाण' असं लिहायचं कुणाला सुचलं नाही.

आता उपदेश करायला मला तोंड आहे का? तर नाही. गेल्या वर्षी एका वाचनालयात मीही नातीकडून 30 स्लाइडी करून घेऊन गेलो होतो. ती म्हणाली होती, "आजोबा, लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटलं तर बी दाबा, पडदा काळा होतो." मी दाबलं. पडदा काळा झाला आणि साठ माणसं माझ्याकडे बघू लागली. मी ताबडतोब पुन्हा बी दाबलं.

पुढच्या सभेत सोसायटीची बाजू मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी एकच स्लाइड केली. वर 36, खाली 24, दोन्ही आकडे हातभर. पुढं काही लिहिलं नाही. बाकीचं तोंडानं बोललो, अडखळत, पण लोकांकडे बघून. बिल्डर स्वतः आले होते; त्यांनी त्या दोन आकड्यांकडे इतका वेळ पाहिलं की आजींचा चहा पिऊन झाला.

सभा संपल्यावर तो टायवाला मुलगा हळूच जवळ आला.

"काका, छान होतं. बाकीच्या स्लाइडी मेल कराल का?"